शेऱ्याचा रकाना

वाघबिळाच्या फाट्यावर एसटी सोडली, पुढं दीड तास पायी.
मोजणीची साखळी माझ्या खांद्यावर,
नकाशाची गुंडाळी सुजितच्या काखेत.
गट नंबर दोनशे अकरा, पोटखराबा,
आणि त्या पोटखराब्यात उभी
सातदगडी.

मोजले तर सहाच भरले.
पुन्हा मोजले. सहाच.

पोलीस पाटील म्हणाले, "सातवा कुणाला दिसत न्हाई,
पर मोजताना धरायचा असतोय."
मी धरला नाही. सरकारी कागदावर
न दिसणाऱ्याला क्षेत्रफळ नसतं.

रकाना चार : कोणी बांधले.
रकाना पाच : केव्हा.
पेन्सिल टेकवून विचारत राहिलो.

गुरवाची शेवंताकाकू म्हणाली, पांडवांनी. एका रात्रीत.
कोंबडा आरवला, म्हणून छप्पर राहिलं.
(गावोगावी हा एकच कोंबडा कसा आरवतो
हे मात्र कुठल्याच गावात विचारायचं नसतं.)

चौगुले गुरुजी वही घेऊनच आले.
शिलाहारांचा जकातनाका, म्हणाले,
कोकणात उतरणाऱ्या बैलांची इथं मोजदाद व्हायची.
पुरावा?
गुरुजींनी वही मिटली.
"पुरावा असता तर रिटायर होऊन अकरा वर्षं
लिहीत बसलो असतो का?"

तालमीतून थेट आलेला प्रज्योत, अंगाला अजून लाल माती,
मोबाईल पुढं करत :
ड्रोननं वरनं बघितलं की आकडा दिसतोय, साहेब.
आभाळातनं कुणीतरी वाचावा म्हणून काढलाय.
कितीचा आकडा?
"ते अजून ठरलं न्हाई."

आणि एक बाई, शेणाची पाटी डोक्यावरून न उतरवता,
"आमच्या म्हशी पाठ खाजवत्यात की हितं.
त्याच्यासाठनंच असंल."
मोजमापानं पाहिलं तर हे सगळ्यात जवळचं.
म्हशीच्या पाठीच्या उंचीला
सहाही दगड आरशासारखे गुळगुळीत.

साखळीचं दुसरं टोक धरायला दुपारी तिम्माप्पा मिळाला,
दूध संस्थेच्या पायाचा दगड फोडायला आलेला वडार.
त्यानं कुणाचं खोडलं नाही. ऐकलं असंही नाही.
मागच्या अंगाला, जिकडं कुणी फोटो काढत नाही,
तिथल्या आडव्या दगडाशी उकिडवा बसला
आणि गाभण शेळीचं पोट चाचपावं
तसा तळहात फिरवू लागला.

"घडवणारा डावखुरा हुता."

छिन्नीचे घाव सगळे एकीकडं कललेले.
सुजितनं माझ्या पेन्सिलीच्या हाताकडं पाहिलं
आणि नजर काढून घेतली.

मग पाचरींच्या भोकांवर एकेक बोट ठेवत गेला तिम्माप्पा,
एक, दोन, नऊपर्यंत,
नऊ एका ओळंब्यात, एका खोलीची.
दहावं अर्धंच. पेर जेमतेम बुडेल इतकं.
"हितं हात थांबला."

का थांबला?
स्वारी आली? पटकी आली? राजा गेला?
कुणी मजुरी बुडवली?
गुरुजींनी वही पुन्हा उघडली होती.

तिम्माप्पानं कानामागची विडी काढली.
काडी वाऱ्यानं दोनदा विझली.
"जेवायला हाक आली असंल."

कुणी हसलं नाही.
खालच्या गुऱ्हाळातून काकवीचा वास वर येत होता,
आणि खरंच कुणाला तरी कुणीतरी हाका मारत होतं,
पठाराच्या पलीकडून, नाव कळत नव्हतं.

मी दहाव्या भोकात करंगळी घातली.
थोडी माती. एक मुंगी.
दगड ऊन लागला हाताला.
उन्हानंच असेल.

"साहेब, पाचची एसटी शेवटची."

रकाना चार कोरा. पाच कोरा.
मालक : सरकार.
आणि सगळ्यात खाली, जिथं एकच ओळ मावते,
शेरा :

दगड सात, पैकी एक दिसत नाही.
काम चालू आहे.